तंबाखूमुक्ती समुपदेशन : दंतस्वच्छता विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण

रुग्णाच्या तंबाखूच्या सवयीची नीट चौकशी करून ती सोडण्यास त्याला मदत कशी करावी, याचे दंतस्वच्छतेच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. भारतात डेंटल हायजिनिस्टच्या (दातांची स्वच्छता करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाच्या) नोंदणीची तरतूद दंतवैद्यक अधिनियम, १९४८ ने केली आणि त्याचा पदविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. राज्यातील आरोग्यशिक्षणाचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय नाशिकला आहे.

हे काम हायजिनिस्टकडे येण्याचे कारण साधे आहे. दातांवरचे कीटण काढताना रुग्ण बराच वेळ त्याच्यासमोर बसलेला असतो, आणि तंबाखूच्या खुणा त्याला इतर कोणाहीआधी दिसतात : दातांवरचे तपकिरी डाग, खालच्या ओठाच्या आत जिथे तंबाखूचा बार धरला जातो तिथली पांढुरकी, सुरकुतलेली त्वचा, सुपारीमुळे हळूहळू उघडेनासे झालेले तोंड. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे हिरड्या धडधाकट असल्याचा भास होतो. ही फसगत विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवावी लागते.

नाशिक जिल्ह्यात चौकशीचे शब्द फार महत्त्वाचे ठरतात. सिन्नर विडी उद्योगासाठी ओळखले जाते, पण तंबाखू म्हणजे धूर हे समीकरण येथे लागू पडत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. त्यातही मशेरी हा प्रकार निसटून जाणारा आहे. तव्यावर भाजून पूड केलेल्या तंबाखूने सकाळी दात घासणाऱ्या बाईला ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणते आणि ते तिच्या लेखी खरेच असते. म्हणून ‘मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असा प्रश्न शिकवला जातो. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ पासून बंदी असली, तरी घरी भाजलेली मशेरी त्या बंदीच्या कक्षेत येत नाही.

समुपदेशनाचा ढाचा बहुधा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने २००० साली मांडलेल्या पाच पायऱ्यांचा असतो : विचारणे, सोडण्याचा सल्ला देणे, तयारी जोखणे, मदत करणे आणि पुढच्या भेटीची सोय लावणे. पहिल्या दोन पायऱ्या विद्यार्थी लवकर आत्मसात करतात. खरी अडचण तिसरीवर येते, कारण तयारी नसलेल्या माणसाला कर्करोगाची चित्रे दाखवून घाबरवण्याचा मोह अनावर असतो आणि असा घाबरलेला रुग्ण पुढच्या वेळी मान डोलावतो, पण खरे सांगत नाही. यावर उपाय म्हणून वर्गात एकाने रुग्ण व दुसऱ्याने हायजिनिस्ट होऊन संवादाचा सराव केला जातो. ‘दादा, सोडायचा विचार कधी आला होता का? तेव्हा किती दिवस टिकलं?’ या प्रश्नावर रुग्ण स्वतःच बोलू लागतो, आणि मग ऐकत राहणे हेच विद्यार्थ्याचे काम उरते.

व्यसनाची तीव्रता जोखताना सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली विडी ओढली वा पहिला बार भरला, हे विचारतात. हा वेळ जितका कमी, तितके निकोटीनवरील अवलंबित्व अधिक. तंबाखूत चुना मळल्याने निकोटीन तोंडाच्या त्वचेतून लवकर शोषले जाते, त्यामुळे चुन्याचीही नोंद घ्यावी लागते. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढण्यासाठी पाणी पिणे, दीर्घ श्वास घेणे किंवा हाताला काम देणे सुचवले जाते. तलफ शमवण्यासाठी दिला जाणारा निकोटीन गम साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो : चव लागेपर्यंत चावून तो गालात धरून ठेवायचा असतो. बार धरण्याची सवय असलेल्यांना ही कृती ओळखीची वाटते. गोळ्यांचे उपचार मात्र डॉक्टरच्याच अखत्यारीत येतात आणि तोंडातला संशयास्पद चट्टा दंतवैद्याला दाखवणे अनिवार्य असते.

पाठपुरावा ही सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. सोडण्याची ठरलेली तारीख केस पेपरवर लिहून पहिल्या आठवड्यातच फोन करावा, असे शिकवतात, कारण त्याच दिवसांत चिडचिड व झोपेच्या तक्रारी सर्वाधिक असतात. पुन्हा सवय लागलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘अयशस्वी’ असा शेरा न मारता, सवय कोणत्या प्रसंगी परतली ते लिहावे लागते : द्राक्षतोडणीच्या हंगामात, कारखान्यातील रात्रपाळीत की घरातल्या दुखवट्यात. दोन भेटींच्या मधल्या काळात आधार म्हणून रुग्णाला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत मदतक्रमांक दिला जातो.