गोल्ड स्टार: कारखान्यातली आणि जुळवलेली

जुनी मोटारसायकल घेणारा माणूस आधी नंबर बघतो. इंजिनवरचा आणि चॅसीवरचा आकडा सारखा निघाला की त्याचा जीव भांड्यात पडतो. बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या गोल्ड स्टार मोटारसायकलचे हे दोन आकडे सारखे निघाले, तर मात्र कोणीतरी पंच आणि हातोडी घेऊन बसलं होतं असं समजावं. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात त्या काळी इंजिनांची नंबरमालिका वेगळी आणि फ्रेमची, म्हणजे चॅसीची, वेगळी होती. दोन्ही जुळावेत अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. कोणतं इंजिन कोणत्या फ्रेममध्ये बसून बाहेर पडलं, हे रवानगीच्या वह्यांत लिहून ठेवलं जाई.

या गाडीच्या इतक्या नकला का झाल्या, याचं उत्तर शोधताना भामट्यांच्या आधी कारखान्याकडेच बघावं लागतं.

नावाची कथा ३० जून १९३७ ची. ब्रुकलँड्सच्या काँक्रीट ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांहून वेगवान फेरी मारणाऱ्याला ब्रिटिश मोटार सायकल रेसिंग क्लब सोनेरी ताऱ्याची छोटी पिन देत असे. वॉल हँडली यांनी त्या दिवशी ५०० सीसीच्या बीएसए एम्पायर स्टारवर ताशी १०७.५७ मैलांची फेरी मारून ती मिळवली. पुढच्या वर्षी कंपनीने ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि हेड असलेलं एम२४ हे मॉडेल काढलं आणि त्या पिनचंच नाव त्याला दिलं. मग युद्ध आलं. शर्यतीच्या गाड्या बाजूला पडल्या आणि कारखान्यातून लष्करासाठी साध्या, दणकट एम२० बाहेर पडू लागल्या, सव्वा लाखाच्या आसपास.

खरी गुंतागुंत युद्धानंतरची. १९४५ मध्ये बी३१ आली: ३४८ सीसी, बिडाचा सिलिंडर, कामावर जाण्यायेण्याची गाडी. थोड्याच काळात तिची ४९९ सीसीची बहीण बी३३ आली. दशक संपता संपता याच घराण्यातून नवी गोल्ड स्टार निघाली, आधी ३५० ची आणि मग ५०० ची. सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे, आतले भाग निवडक. प्रत्येक इंजिन चाचणी-बाकावर चालवून त्याची ताकद मोजली जाई आणि तो कागद गिऱ्हाइकाच्या हाती पडे. पण मूळ आराखडा बी३१ चाच होता. त्यात ऑर्डर देतानाच कॅम, कॉम्प्रेशन, कार्बोरेटर, गिअर रेशो निवडायची मुभा. कोणी रस्त्यासाठी घेई, कोणी चिखलातल्या स्क्रॅम्बलसाठी, कोणी शर्यतीसाठी. त्यामुळे गोल्ड स्टारचा एकच एक 'कंपनी फिटिंग' नमुना ठरलाच नाही. आज एखादा भाग खटकला आणि विचारलं, तर विकणारा बिनदिक्कत सांगतो की मूळ ऑर्डरच तशी होती. वही उघडल्याशिवाय त्याला खोटं पाडता येत नाही.

आइल ऑफ मॅनच्या क्लबमन्स टीटीने मागणी आणखी पेटवली. ही शर्यत दुकानात मिळणाऱ्या गाड्यांची. १९४९ ते १९५६ या काळात ज्युनियर, म्हणजे ३५० सीसीच्या, गटात दरवर्षी गोल्ड स्टारच जिंकली. स्पर्धा इतकी एकतर्फी झाली की तीच तिच्या शेवटाचं एक कारण ठरली. ज्याला नवी गोल्ड स्टार परवडत नव्हती, तो जुनी बी३१ किंवा बी३३ घेऊन तिला एकेक भाग चढवत गेला. सुटे भाग मिळत होते, बरेचसे बसतही होते. त्या पोरांना कोणाला फसवायचं नव्हतं, फक्त जोरात जायचं होतं. पण त्यांनी जुळवलेल्या गाड्याही आता साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांचा गंज खरा, झीज खरी, कागद पिवळे. जुनेपणावरून अस्सलपणा ओळखू पाहणारा इथेच फसतो.

१९५६ ते १९६३ मधलं ५०० सीसीचं मॉडेल डीबीडी३४ ही सर्वांत हवीशी, म्हणून सर्वांत जास्त नक्कल झालेली. ताशी ११० मैलांच्या घरातला वेग, आणि एकमेकांच्या जवळचे रेशो असलेल्या (क्लोज-रेशो) गिअरबॉक्सवर पहिल्या गिअरलाच ६० मैल. सिग्नलवरून निघताना क्लच बराच वेळ सरकवत ठेवावा लागे, म्हणजे शहरात वैतागच. तिच्या खऱ्या इंजिनावर 'डीबीडी३४जीएस' अशी अक्षरं असतात आणि फ्रेमवर मात्र 'सीबी३२'. हे बघून नवखा माणूस दचकतो, पण बरोबर तेच आहे. लुकास या विद्युत भाग बनवणाऱ्या कंपनीने गोल्ड स्टारला लागणारा, मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र असलेला मॅगडायनो बनवणं थांबवलं आणि १९६३ मध्ये गोल्ड स्टारही थांबली.

जाता जाता कंपनीने आणखी एक गोंधळ घालून ठेवला. १९५५ ची सीनियर क्लबमन्स जिंकलेले एडी डाऊ यांचं बॅनबरीला दुकान होतं. तिथे एका गिऱ्हाइकासाठी गोल्ड स्टारच्या सांगाड्यात बीएसएच्याच ए१० मॉडेलचं ६४६ सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, इंजिन बसवलं गेलं. कंपनीला कल्पना आवडली आणि १९६२-६३ मध्ये रॉकेट गोल्ड स्टार आली. संख्या दीड हजारांच्या थोडी वर. याउलट साध्या ए१० ढिगाने उपलब्ध. ए१० वरून नकली रॉकेट बनू लागल्या हे सांगायला नको. इथे पारखी माणूस गाडीच्या उजव्या बाजूला खाली वाकतो. सिंगल, म्हणजे एका सिलिंडरच्या, गोल्ड स्टारच्या फ्रेमच्या खालच्या नळीला तेलपंपासाठी बाक दिलेला असतो. रॉकेटच्या फ्रेमला तो नसतो. बाक असलेल्या फ्रेममध्ये ट्विन इंजिन दिसलं, तर ती जोडी स्मॉल हीथने लावलेली नाही. शिवाय अक्षरं बघायची: इंजिनवर 'डीए१०आर', फ्रेमवर 'जीए१०'.

अर्थात अक्षरं ठोकता येतात. म्हणून नंबराच्या आधी नंबराखालची जागा बघावी: कानशीने घासून खाली गेलेली आहे का, ओतीव धातूचा पोत अचानक गुळगुळीत झालाय का. आता तर ज्याच्यावर नंबर असतो ती क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटीसुद्धा, नवी ओतून मिळते. तिच्यावर घासायचंही काम नाही. सत्तरच्या दशकात बीएसए बुडाली तरी रवानगीच्या वह्यांतल्या बऱ्याच वाचल्या, आणि ब्रिटनमधले क्लब आजही त्या नोंदींवरून गाडीचा दाखला देतात. माझ्या मते विकणाऱ्याच्या तासभर गप्पांपेक्षा त्या दाखल्याची एक ओळ जास्त मोलाची.

भारताचा या कथेशी संबंध दोन टोकांनी येतो. पहिलं टोक फारसं अभिमानाचं नाही: इथून ब्रिटनला परत गेलेल्या, चकचकीत रंगवलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांकडे तिथले जाणकार संशयानेच बघतात, कारण अनेक गाड्यांचे भाग जोडून केलेली एक गाडी त्यांनी पुष्कळदा पाहिली आहे. दुसरं टोक मुंबईचं. महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने २०१६ मध्ये बीएसए हे नाव विकत घेतलं. २०२१ मध्ये ६५२ सीसीची नवी गोल्ड स्टार बर्मिंगहॅममध्येच दाखवली गेली आणि १५ ऑगस्ट २०२४ ला ती भारतात आली. तिच्यात जुन्या गाडीचा एकही नटबोल्ट नाही आणि तसा दावाही कोणी करत नाही. टाकीवरचं नाव मात्र रीतसर हक्काचं आहे.

जुन्या गाडीसाठी आपल्याकडे २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी मूळ स्वरूपात असेल, तर नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. फी २०,००० रुपये. चॅसी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पन्नासच्या दशकात एखाद्या पोराने बी३१ ची गोल्ड स्टार केली असेल, तर त्या नियमाच्या भाषेत ती मूळ स्वरूपात म्हणायची की नाही, यावर दोन जाणकारांचं एकमत व्हायचं नाही.