तळेगावचा मोटार कारखाना : गुंतवणूक आली, गेली आणि पुन्हा आली

मोटार कारखान्यातील गुंतवणुकीची घोषणा झाली, की पहिला प्रश्न निघतो तो किती हातांना काम मिळणार हा. पुणे जिल्ह्यातील तळेगावच्या कारखान्याने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात बजाज व टेल्को (आजची टाटा मोटर्स) पिंपरी-चिंचवड परिसरात आल्या. त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप आजूबाजूला उभी राहिली आणि आयटीआयतून बाहेर पडणाऱ्या फिटर, टर्नर, वेल्डरला घराजवळच कंपनी लागू लागली. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावात आणि फोक्सवॅगनने २००९ मध्ये चाकणला कारखाना सुरू केला, त्यामागे सरकारी सवलती होत्याच. पण माझ्या मते हा तयार कामगार आणि पुरवठादारांचे जाळे यांचे वजन अधिक होते.

मोटार कारखान्याचा रोजगार फाटकाच्या आत मोजून संपत नाही. आत पत्र्याला आकार देणारे प्रेस शॉप, वेल्डिंग, पेंट शॉप आणि भाग जोडून गाडी तयार करणारी असेंब्ली लाइन असते; मात्र गाडीतील बहुतेक भाग बाहेरून येतात. सीटसारखा अवजड भाग साठवून ठेवणे परवडत नाही, म्हणून लाइनवर ज्या क्रमाने गाड्या येतात त्याच क्रमाने सीट भरलेला टेम्पो दारात हजर व्हावा लागतो, आणि लाइन थांबली की टेम्पोचालकापासून सीट शिवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचेच काम थांबते.

तळेगावात नेमके हेच झाले. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवून कारखाना केवळ निर्यातीसाठी चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. हजाराहून अधिक कामगारांवर ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसण्याची, वेळ आली. त्यांच्या संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी जानेवारी २०२० मध्ये ठरलेला विक्रीचा व्यवहार, शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाल्यावर रखडला आणि २०२२ मध्ये मोडला.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला आणि २०२५ मध्ये तळेगावातून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. आम्हाला नव्या मालकाकडे सामावून घ्या, ही जुन्या कामगारांची मागणी होती. करार मात्र जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा होता.