घरगुती वृद्धशुश्रूषेतील संसर्गप्रतिबंध

घरीच राहणाऱ्या वृद्धांची देखभाल करताना त्यांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून घरच्यांनी व सेवकांनी पाळायच्या पद्धती. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, त्वचा पातळ होते, खोकल्याचा जोर कमी होतो. शिवाय घरात स्वयंपाक करणारे, डायपर बदलणारे आणि जखम पुसणारे हात पुष्कळदा एकाच माणसाचे असतात. म्हणून हात धुणे हाच या विषयाचा गाभा.

व्हिएन्नाच्या प्रसूतिविभागात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. घरात साधा साबण पुरतो. मात्र किमान २० सेकंद चोळायला हवे. नेमके अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालचा भाग राहून जातो. सॅनिटायझरमध्ये ६० टक्के तरी अल्कोहोल असावे. हात बरबटलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर त्यावर विसंबू नये. जुलाबाच्या काही जंतूंवर अल्कोहोलची मात्रा चालत नाही. हातमोजे घातले की हात धुवायला नकोत, हा समज तर सर्रास आढळतो. डायपर बदललेल्या मोज्यांनीच दाराची कडी आणि पाण्याचा पेला हाताळला, तर मोज्यांनी फक्त सेवकाचे हात स्वच्छ राखले.

लघवीची नळी (कॅथेटर) हा जंतूंचा राजमार्ग. तिची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. गफलत होते ती पलंगावरून खुर्चीत बसवताना: पिशवी सोयीसाठी मांडीवर ठेवली जाते आणि तेवढ्यात साचलेली लघवी उलट फिरते. पिशवी रिकामी करताना तोटी भांड्याला लागू नये. नळीची गरज संपली की डॉक्टरांना विचारून ती काढून टाकणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. लक्षणे नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके देणे सहसा अनावश्यक असते.

तोंडाची स्वच्छता मात्र दुर्लक्षित राहते. अस्वच्छ तोंडातली लाळ किंवा घास श्वासनलिकेत उतरला की न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून दात रोज घासावेत, कवळी रात्री काढून ठेवावी, बसवूनच भरवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस ठरावीक वेळाने बदलावी. शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) चिघळले की तिथून जंतू रक्तात शिरू शकतात. इन्फ्लुएन्झाची (फ्लूची) लस दरवर्षी, तसेच न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) व नागिणीची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. फ्लूची लस सेवकानेही घ्यावी आणि सर्दी-तापात रजा.

वृद्धांमध्ये संसर्ग ओळखणे अवघड असते, कारण ताप फारसा चढत नाही, ३७.८ अंश सेल्सिअसही दखल घेण्याजोगा. काही वेळा तापाआधी वेगळेच काही दिसते: काल स्वतःच्या हाताने जेवलेली व्यक्ती आज घास तोंडात तसाच धरून बसते, असंबद्ध बोलते, उठताना तोल जाऊन पडते.