नाट्याधारित आचार-प्रशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

कामाच्या ठिकाणी कसे वागावे, कोणते नियम पाळावेत आणि ते मोडले जात असतील तर काय करावे, हे भाषणाऐवजी छोट्या नाट्यप्रसंगांतून शिकवण्याची पद्धत. लैंगिक छळाला प्रतिबंध, यंत्रसुरक्षा, लाचखोरी, खोट्या नोंदी हे तिचे नेहमीचे विषय. प्रसंग लहानच असतो. तो संपल्यावर खरे प्रशिक्षण सुरू होते.

पद्धतीचे मूळ बरेचसे ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये आहे. अन्याय घडेपर्यंत प्रसंग एकदा सलग होतो. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांपैकी कुणीही तो थांबवून पात्राची जागा घेऊ शकतो. भारतात पश्चिम बंगालमधील जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून या प्रकारचे काम करते आहे. बोआल यांच्यासाठी हे दडपलेल्यांचे नाटक होते. आता त्याचा खर्च अनेकदा व्यवस्थापनच उचलते. साहेबाचे पात्र नेहमीच समजूतदार निघू लागले, की हा फरक लगेच जाणवतो.

बेळगाव परिसराला नाटक आणि कारखाना दोन्ही जुनेच. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर (जन्म १८४३) आणि उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे दोघेही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचे सायकलचे दुकान १८८८ मध्ये बेळगावातच सुरू झाले. आज उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, निपाणीकडे तंबाखू आणि विडीचे काम आहे. कामगार मराठी, कानडी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतात, त्यामुळे छापील संवाद इथे टिकत नाहीत. प्रसंगाचा सांगाडा ठरवून बोलणे कलाकारांवर सोडलेले बरे.

यंत्रसुरक्षेचे उदाहरण घेऊ. प्रेस मशीनला दोन बटणे असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायबाहेरच (साच्याबाहेरच) राहतात. ऑपरेटर एका बटणात लाकडी चिपळी खोचून ठेवतो. एक हात मोकळा होतो, नग वाढतात. सुपरवायझर पाहतो आणि पुढे जातो. पाटीवर ‘असे करू नये’ लिहिलेले असतेच. दुसऱ्या फेरीत प्रेक्षकांतला एखादा उठून चिपळी काढतो, तेव्हा सुपरवायझरचे पात्र विचारते, “मग आजचं टार्गेट तू भरतोस काय?” इथून चर्चा ऑपरेटरच्या निष्काळजीपणावरून नगावर मिळणाऱ्या पैशाकडे आणि महिनाअखेरच्या डिस्पॅचकडे वळली, तरच प्रयोग उपयोगाचा.

लैंगिक छळावरचे प्रसंग जास्त अवघड. जत्रेतल्या नाटकात खलनायकाला शिट्ट्या मिळतात, इथेही “अगं चेष्टा केली की, एवढं काय त्यात?” हे वाक्य नीट पडले की हशा पिकतो, आणि तो छळणाऱ्याच्या बाजूने असतो. सूत्रधाराने तो दडपू नये. पात्रे आहेत तिथेच थांबवून, हसलेल्यांपैकी एखाद्याला त्या बाईशेजारी उभे करावे आणि तेच वाक्य पुन्हा म्हणवून घ्यावे. शेजारच्या मशीनवरचा, सगळे ऐकून गप्प बसलेला माणूस हे या प्रसंगातले सर्वांत महत्त्वाचे पात्र. बहुतेक प्रेक्षक तेच असतात.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आणि जागृतीचे कार्यक्रम घेणे ही मालकाची जबाबदारी ठरवली. अशा कार्यक्रमांची संख्या वार्षिक अहवालात द्यावी लागते. त्यामुळे फोटो, हजेरीपट, चहा आणि विषय मिटला, असेही होते. दुसरी अडचण गोपनीयतेची. तक्रारदाराची ओळख आणि तक्रारीचा मजकूर उघड करायला कायद्याची मनाई आहे. कोण कुठल्या शिफ्टला आहे हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या गावात नुसते नाव बदलून भागत नाही. त्याच कारखान्यात घडलेली घटना रंगवूच नये.

विडीकामात कारखान्याच्या भिंतीच नसतात. बायका घरी विड्या वळतात आणि ठेकेदाराकडे नेऊन देतात. तपासणारा जुडी उलगडतो, काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो. छाट किती निघायची हे त्याच्या मर्जीवर. हीच मर्जी पुढे लगट करण्याचे साधन होते. कामात फायद्याचे आमिष किंवा नुकसानीची धमकी देणे हे कायद्याने लैंगिक छळातच धरले आहे. दहापेक्षा कमी माणसे असल्याने अंतर्गत समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार करण्याची मुदत घटनेपासून साधारणपणे तीन महिन्यांची. तक्रार लेखी लागते, पण बाईला लिहिता येत नसेल तर ती लिहून देण्यास समितीने मदत करायची असते. म्हणून विडी कामगारांसमोरच्या प्रयोगात सांगणारी आणि लिहून घेणारी अशी दोन पात्रे ठेवून हा भाग मराठीत आणि कानडीत, दोनदा करावा लागतो.