आय मॅरिड अ विच

अमेरिकन प्रणयप्रधान विनोदी चित्रपट (१९४२, कृष्णधवल). दिग्दर्शक रने क्लेअर. प्रमुख भूमिका : व्हेरॉनिका लेक, फ्रेड्रिक मार्च, सूझन हेवर्ड, सेसिल केलावे. निर्मिती पॅरामाउंटची, वितरण मात्र युनायटेड आर्टिस्ट्सचे.

चित्रपट द पॅशनेट विच (१९४१) या कादंबरीवर आधारित आहे. ती सर्रास अमेरिकन विनोदी कादंबरीकार थॉर्न स्मिथच्या नावावर मांडली जाते. पण स्मिथ १९३४ मध्येच वारला होता. त्याचे अपुरे हस्तलिखित नॉर्मन मॅट्सनने पूर्ण केले आणि श्रेयनामावलीतही तशी नोंद आहे. मॅट्सनचा वाटा केवळ डागडुजीचा मानणे कठीण दिसते, कारण कादंबरीचा पुढचा भाग (१९४३) त्याने एकट्याने लिहिला. अर्थात प्रतिष्ठित गृहस्थ आणि त्याच्या घरात शिरलेले अमानवी लचांड ही मांडणी स्मिथचीच. त्याच्या टॉपर (१९२६) या कादंबरीत ती आधी आलेली आहे. पटकथेचे श्रेय रॉबर्ट पिरॉश व मार्क कॉनेली यांना मिळाले. डाल्टन ट्रम्बोचाही तीत हात होता. विनोदी चित्रपटांचा दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जिस हा सुरुवातीला या चित्रपटाचा निर्माता होता. क्लेअरशी न पटल्याने स्टर्जिस बाजूला झाला, असे सांगतात. त्यामुळे काही समीक्षक चित्रपटात स्टर्जिसचा ठसा शोधतात. तथापि, भुताखेतांना हलकेफुलके वागवण्याची ही रीत क्लेअरच्या द घोस्ट गोज वेस्ट (१९३५) या ब्रिटिश चित्रपटात आधीच दिसते, हे ध्यानात घ्यावे लागते.

अमेरिकेतील सेलम गावी सतराव्या शतकात जाळलेली चेटकीण जेनिफर व तिचा बाप यांचे आत्मे विसाव्या शतकात मोकळे होतात. जेनिफर फिर्यादीच्या वंशजाला, गव्हर्नरपदाचा उमेदवार वॉलेस वूली याला, छळायला निघते. त्याच्यासाठी केलेले वशीकरणाचे पेय चुकून तिच्याच पोटात जाते : भिंतीवरची तसबीर डोक्यावर पडून ती बेशुद्ध होते आणि वॉलेस हाताशी असलेला तोच पेला तिच्या ओठांना लावतो. पुढे तिच्या मंत्राने मतदान असे फिरते की, प्रतिस्पर्ध्याला स्वतःचेही मत पडत नाही. (सेलममध्ये १६९२ च्या चेटूकविषयक खटल्यांत फाशी दिली गेली, कोणाला जाळले नव्हते, चित्रपट हा तपशील गुंडाळून ठेवतो.)

रॉय वेबच्या संगीताला ऑस्कर नामांकन मिळाले. बिविच्ड (१९६४–७२) या दूरचित्रवाणी मालिकेचा लेखक सोल सॅक्स याने बेल, बुक अँड कँडल या चेटकिणीच्याच प्रेमकथेबरोबर या चित्रपटाचेही ऋण मान्य केले होते.