४ जूनला काय लावायचं? अशोकमामांच्या कानावर पडलेली मुंबई

दर वर्षी ४ जूनला आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. दुपारची जेवणं उरकली की कुठल्यातरी मराठी वाहिनीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला असतो, तो सापडेपर्यंत रिमोट हातात. तोवर फोनवर ‘धूमधडाका’मधल्या ‘व्याख्या विख्खी वुख्खू’चे तुकडे येऊन पडलेले असतात. अशोक सराफ यांचा वाढदिवस महाराष्ट्र असा साजरा करतो आणि त्यात मीही दरवर्षी मनापासून असते.

पण हे सिनेमे आले कधी? ‘धूमधडाका’ १९८५ चा, ‘बनवाबनवी’ १९८८ चा. ‘बनवाबनवी’ लागला तेव्हा अशोकमामा ४१ वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या वाढदिवसाला आपण वाजवतो ते आपलं बालपण, ऐंशीच्या दशकात वाढलेल्यांचं. त्यांचं नव्हे. ते दहा वर्षांचे असताना मुंबईत काय वाजत होतं, पडद्यावर काय होतं, कुठल्या नाटकाच्या तिकिटासाठी माणसं उभी राहत होती, हे शोधायला बसले आणि फार सुंदर गोष्टी हाती लागल्या.

जन्म ४ जून १९४७. स्वातंत्र्याला अजून दहा आठवडे होते. बाळाचं नाव ठेवलं गेलं अशोककुमार यांच्यावरून. चारच वर्षांपूर्वी, १९४३ मध्ये, बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ने अशोककुमार घराघरात पोचले होते. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला. मुलाच्या नावातच सिनेमा आला तो असा. सराफ घराणं मूळचं बेळगावचं, पण अशोक वाढले ते दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीत, ताडदेव आणि ग्रँट रोडच्या मधल्या वस्तीत.

चिखलवाडीचा पत्ता या सगळ्या कहाणीत फार महत्त्वाचा आहे. तिथून दक्षिणेला चालत निघालं की गिरगाव, आणि गिरगावात केळेवाडीला मुंबई मराठी साहित्य संघ. लॅमिंग्टन रोडला वळलं तर एकापुढे एक सिनेमागृहं. मुंबई सेंट्रलच्या बाजूला मराठा मंदिर. उत्तरेला गिरण्या, गिरण्यांच्या पलीकडे लालबाग-परळची लावणी, शाहिरी आणि भजनी मंडळं. नाटक, सिनेमा आणि लोककला या तिघांच्या मधोमध असलेली ही जागा.

त्याच चिखलवाडीत दोन वर्षांनी लहान असलेला आणखी एक मुलगा वाढत होता, सुनील गावसकर. दोघं एकत्र खेळले, आणि लहानपणी एका नाटुकल्यात गावसकर कृष्ण झाले होते तर सराफ बलराम. गंमत म्हणजे दोघांच्याही डोक्यावर मामाचा हात होता. गावसकरांचे मामा माधव मंत्री, भारताकडून कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. अशोक सराफ यांचे मामा गोपीनाथ सावकार, रंगभूमीवरचे नट आणि दिग्दर्शक. एकाच्या घरी मामाची बॅट, दुसऱ्याच्या घरी मामाचं नाटक. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलापासून पंचविशीच्या तरुणापर्यंत अशोकने आपल्या शहराला रणजी करंडक गमावताना पाहिलंच नाही! त्या काळात मुंबईच्या कुठल्याही चाळीत उन्हाळी दुपारी काय खेळलं जात असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता रेडिओ. माझ्या मते या बालपणाचा गाभा इथे आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. अशोक सराफ तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. म्हणजे वाढीची सगळी वर्षं टीव्हीवाचून गेली. त्या पिढीच्या घरात फळीवर, क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली, व्हॉल्व्हचा रेडिओ असे, तोही सगळ्यांकडे नव्हे. पोस्टात पैसे भरून त्याचा परवाना घ्यावा लागे. खटका फिरवला की लगेच आवाज येत नसे. आधी पट्टीमागचा दिवा लागायचा, व्हॉल्व्ह तापायचे, काही सेटवर हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा आणि मग लांबून, कुठल्यातरी विहिरीतून वर आल्यासारखा आवाज यायचा. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळं घर गप्प. शेजारचेही उंबऱ्यात येऊन थांबलेले.

आणि हा रेडिओ लावायचा तरी कुठे? १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम आणि सिनेसंगीत त्यांना उथळ वाटे. पुढे निर्मात्यांशीही वाद झाला आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काटा सरळ सिलोनकडे फिरवला. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, दर बुधवारी रात्री आठला, अमीन सायानींच्या आवाजात. आकाशवाणीने आपली विविध भारती आणली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला, म्हणजे पाच वर्षं हातची गेल्यावर. अशोक तेव्हा दहा वर्षांचा. एका मराठी मंत्र्याच्या संगीतप्रेमामुळे मुंबईतल्या मुलांनी आपल्याच शहरात ध्वनिमुद्रित झालेली गाणी कोलंबोहून ऐकली.

पण त्याच आकाशवाणीने दिलेलं एक देणं एवढं मोठं आहे की केसकरांवरचा राग तिथे विरतो. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली. दर आठवड्याला एक नवं गाणं. वर्षाच्या आठवड्यांप्रमाणे बावन्न गाण्यांचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी छप्पन्न झाली. पंचांगाने आपल्याला चार गाणी जास्त दिली! लोक त्या वेळेला अंघोळ करून बसत, रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. ज्यांचं घर त्या काळातलं आहे त्यांनी आजीला विचारून पाहावं, तिचा चेहराच बदलेल.

टीव्ही नसलेल्या घरातलं मूल माणसं कानाने ओळखायला शिकतं. बाई रागावलीय की रडवेली झालीय, म्हातारा खरंच खोकतोय की सोंग करतोय, हे आवाजावरूनच. म्हणून ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ आठवा. त्यात अर्थाचा शब्द जवळजवळ नाहीच, आहे तो ठसका, श्वास आणि लय. पडद्याकडे पाठ करून ऐकलं तरी हसू येतं. मला त्यात रेडिओवर वाढलेल्या माणसाचा कान दिसतो.

रस्त्यावरचं वाजणं वेगळंच होतं. अशोक आठ वर्षांचा असताना, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि पुढची साडेचार वर्षं मुंबई संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने भारलेली होती. सभा सुरू होण्याआधी डफ कडाडायचा. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर अशा शाहिरांचे आवाज ध्वनिक्षेपकाशिवायही मैदानाच्या टोकापर्यंत जात. १५ नोव्हेंबर १९५६ पासून अत्र्यांचा ‘मराठा’ निघू लागला आणि सकाळी चाळीच्या गॅलरीत एकजण मोठ्याने वाचतोय, बाकीचे पोट धरून हसताहेत, हे गिरगावभर दिसणारं दृश्य झालं. राजकारणातला विनोद कसा असतो, तो कुठे टोचतो आणि कुठे आईच्या मायेने चापट मारतो, हे त्या पिढीने शाळेबाहेर शिकून घेतलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा अशोकला तेरावं पुरं व्हायला महिना राहिला होता.

त्याच वर्षी ५ ऑगस्टला मराठा मंदिरला ‘मुघल-ए-आझम’ लागला. तिकिटासाठी लोक रांगेतच झोपत, घरून डबे मागवत. हे सगळं चिखलवाडीपासून हाकेच्या अंतरावर. त्याआधी ‘अलबेला’ने १९५१ मध्ये भगवानदादांना घराघरात नेलं होतं. दादरच्या चाळीत वाढलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा. गणपतीच्या मिरवणुकीत आजही कुणी हात खांद्याशी आणून ठेक्यात डोलला की ते भगवानदादाच असतात. मराठीत त्या काळी राजा परांजपे एकामागून एक सिनेमे देत होते, १९५२ मध्ये ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’, १९६० मध्ये ‘जगाच्या पाठीवर’. पुण्यात १९५९ पासून ‘सांगत्ये ऐका’ विजयानंदला १३१ आठवडे ठाण मांडून होता.

नाटक तर घरचंच. गोपीनाथ सावकारांचा भाचा म्हणजे विंगेत उभं राहायची मुभा असलेला मुलगा. प्रेक्षागृहातून नाटक पाहणं आणि विंगेतून पाहणं यात फार फरक आहे. विंगेतून नटाचा घाम दिसतो. तिसऱ्या घंटेआधीची कुजबुज, प्रॉम्प्टरच्या हातातल्या वहीचं पान, आणि हशा उठल्यावर नट पुढचं वाक्य किती वेळ तोंडात धरून ठेवतो, हे तिथून मोजता येतं. ती वर्षंही कशी! १९५७ मध्ये ‘तुझे आहे तुजपाशी’, १९६२ मध्ये फिरत्या रंगमंचावर ‘तो मी नव्हेच’, १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’, १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. १९६१ पासून पु. ल. एकटे उभे राहून ‘बटाट्याची चाळ’ करत होते आणि गिरगावकर स्वतःलाच पाहून हसत होते. साहित्य संघाचं बंदिस्त नाट्यगृह १९६४ चं. अशोक तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा.

घरच्यांना मात्र नोकरी हवी होती. ती स्टेट बँकेत मिळाली आणि जवळपास दहा वर्षं केली. दिवसा खाती, रात्री प्रयोग. व्यावसायिक रंगभूमीवरचं पहिलं पाऊल १९६९ मध्ये पडलं, शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’त, विदूषकाच्या भूमिकेत. खांडेकरांच्या कादंबरीवरून उभं राहिलेलं आणि अभिषेकीबुवांच्या संगीतातलं हे नाटक. पुढे ज्याला महाराष्ट्राने विनोदाचा राजा केलं त्याने सुरुवात संस्कृत नाटकाच्या परंपरेतून आलेल्या विदूषकाने करावी, याचा मला फार आनंद वाटतो. दहा वर्षांनी विजया मेहतांनी बसवलेल्या ‘हमीदाबाईची कोठी’त ते उभे राहिले. ध्वनिमुद्रिका आणि सिनेसंगीताच्या लाटेत कोठीवरची बैठक कशी विरत गेली, त्याचं हे नाटक. रेडिओवर वाढलेल्या नटाच्या वाट्याला हे नाटक यावं, हेही विलक्षणच.

आता पुन्हा ४ जूनच्या दुपारी येऊ या, कारण शोधता शोधता मला जे सापडलं त्याने मी चकित झाले. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, तो सिनेमा १९६६ चा. ‘धूमधडाका’ची कथा श्रीधर यांच्या १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ सिनेमाची, त्याची हिंदी आवृत्ती ‘प्यार किये जा’, तोही १९६६ चा. दोन्ही हिंदी सिनेमांत मेहमूद होते. आणि १९६६ मध्ये अशोक सराफ होते एकोणीस वर्षांचे. वाढदिवसाला आपण लावतो ते सिनेमे ऐंशीच्या दशकातले खरे, पण त्यांचं बी पडलं ते त्यांच्या कॉलेजच्या वयात.

माणसंही तिथलीच. ‘बनवाबनवी’चे दिग्दर्शक सचिन पहिल्यांदा पडद्यावर आले ते राजा परांजप्यांच्या सिनेमात, बालकलाकार म्हणून. ‘धूमधडाका’चे महेश कोठारे १९६३ च्या ‘छोटा जवान’मधले. ‘धूमधडाका’त वडिलांच्या भूमिकेतले शरद तळवलकर तर पन्नासच्या दशकापासून रंगभूमी आणि पडदा गाजवत आलेले, म्हणजे अशोकमामा लहान असताना ज्यांना बघून मोठी माणसं हसत होती तेच. आणि लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावचेच, काही काळ साहित्य संघात नोकरी केलेले.

‘मामा’ हे नाव मात्र सिनेमाच्या सेटवरचं. कॅमेरामनची लहान मुलगी सोबत यायची. हे कोण, असं तिने विचारलं, बाबांनी सांगितलं, हे अशोकमामा. मग बाबाही तसंच म्हणू लागले, मग सेट, मग सगळा महाराष्ट्र. मामाच्या विंगेत उभ्या राहिलेल्या भाच्याला हेच नाव मिळालं.

यंदा आमच्याकडे सकाळी गीतरामायणातलं एक गाणं, मग ‘अलबेला’, आणि दुपारी नेहमीप्रमाणे ‘बनवाबनवी’. तुम्हीही लावाल तेव्हा सुरुवातीच्या श्रेयनामावलीत वसंत सबनीस हे नाव शोधा, संवाद त्यांचे आहेत. साठच्या दशकात त्यांनीच ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं, त्यातल्या हवालदाराने दादा कोंडके यांना महाराष्ट्रभर नेलं, आणि दादांनी १९७५ मध्ये ‘पांडू हवालदार’ काढला तेव्हा शेजारी दुसरा हवालदार म्हणून उभं केलं ते स्टेट बँकेतल्या अशोक सराफला.