तुमच्या कुंडीतला मॅमिलेरिया प्रोलिफेरा

"याला बुरशी लागलीय का हो?" हा निवडुंग घरी नेल्यावर ग्राहक सर्वांत जास्त हेच विचारतात. बहुतेकदा लागलेली नसते. तो दिसतोच तसा.

एकेक गोळा फार तर ४ ते ६ सेंटिमीटर रुंद. त्याला उभ्या धारा नसतात. अंगभर फिरत गेलेले बारीक उंचवटे आणि प्रत्येकाच्या टोकावर काट्यांचा झुबका. कडेचे २५ ते ४० काटे पांढरे, केसांसारखे बारीक. ते एकमेकांत गुंतले की गोळा जाळीत गुंडाळल्यासारखा दिसतो. मधले ५ ते १२ पिवळसर आणि ताठ. टोचतात ते हेच, म्हणून कुंडी बदलताना जाड कागदाच्या घडीत धरा. शंका आलीच, तर काडीने खरवडून पाहा: काडीला कापसासारखं चिकट काही आलं तर ती पिठ्या ढेकूण ही कीड, नुसते केस हलले तर झाड ठीक आहे.

पिल्लं भरपूर येतात आणि जरा धक्का लागला की सुटतात. ती फेकू नका. तुटलेली जागा चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि मग पिल्लू वाळू मिसळलेल्या मातीवर नुसतं टेकवा. मुळं आपोआप धरतात. क्युबा, हैती, ईशान्य मेक्सिको, टेक्सास इथे तो मूळचा, आणि तिथेही पुंजक्यांनीच वाढतो.

फुलं फिकट पिवळी, १ ते २ सेंटिमीटरची. ती काट्यांच्या झुबक्यातून येत नाहीत, दोन उंचवट्यांमधल्या खोबणीतून येतात. पुढे तिथूनच लांबट लाल फळं डोकावतात. परागासाठी दुसरं झाड लागत नाही, त्यामुळे एकट्या कुंडीतही फळं धरतात. ती खाता येतात, पण फवारणी केली असेल तर नको. आमच्या मते या झाडाची खरी शोभा फुलांपेक्षा फळांचीच, कारण ती झाडावर बराच काळ टिकतात.

जुन्या गोळ्याचं बूड तपकिरी आणि टणक होतं, ते वयाने. बूड तपकिरी आणि मऊ लागलं, तर मात्र ती कूज. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं, म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली ठेवा. कूज दिसलीच, तर वरची निरोगी पिल्लं लगेच काढून घ्या.